‘माझा विद्यार्थी वादविवादात जिंकतोय, पण त्याचं म्हणणं खरं आहे का?’

पत्र आहे एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकेचं. शाळेच्या वादविवाद संघाची तयारीही त्याच करून घेतात. आंतरशालेय स्पर्धेचा यंदाचा विषय आहे, ‘हवामान बदलाला माणूसच जबाबदार आहे’. विषयाच्या विरोधात बोलायला नववीतला एक हुशार मुलगा उभा राहिला आणि त्याने असे मुद्दे काढले की सराव फेरीत समोरची मुलं गप्पच झाली. बाईंनाही उत्तर सुचेना. मुद्दे असे: हिमयुगं आली-गेली तेव्हा गाड्या कुठे होत्या? उष्णता देतो तो सूर्य. हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के, तो काय करणार? पुरातन बर्फात तापमान आधी वाढलेलं दिसतं, कार्बन डायऑक्साइड मागाहून. ज्वालामुखी आणि समुद्र माणसापेक्षा कितीतरी जास्त वायू सोडतात. आणि १९७० च्या दशकात हेच शास्त्रज्ञ पृथ्वी गार होणार म्हणत होते.

बाई लिहितात, ‘हा धडा मी वर्षानुवर्षं शिकवतेय. पण पटला म्हणून शिकवत होते की पुस्तकात आहे म्हणून, हेच आता कळेनासं झालंय. मुलाला थांबवलं तर त्याची जिज्ञासा मारल्याचं पाप लागेल. बोलू दिलं तर सगळ्या शाळेच्या मनात चुकीचं काहीतरी बसेल. सहकारी म्हणतात, विज्ञानात दोन्ही बाजू ऐकायच्याच असतात. मी काय करू?’

बाई, नमस्कार.

आधी त्या मुलाला शाबासकी द्या. त्याच्या सहा मुद्द्यांपैकी निम्मे तरी अक्षरशः खरे आहेत. हिमयुगं माणसाशिवायच आली. हवेत तो वायू खरंच ०.०४ टक्क्यांच्या आसपास आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात तापमान आधी हललेलं दिसतं, हेही खोटं नाही. तुम्ही अडलात त्या इथेच. धडधडीत खोटं असतं तर तुम्ही ते जागच्या जागी खोडून काढलं असतं. पण खरी माहिती आणि तिच्यावरून घाईने काढलेला निष्कर्ष यांच्या मधे जी फट असते, ती पाच-सात मिनिटांच्या तडफदार भाषणात दिसत नाही. टाळ्या तर त्या फटीवरूनच पडतात.

पत्र वाचताना मला एक गोष्ट खटकली. तुम्ही, तुमचे सहकारी आणि तो मुलगा, तिघंही असं धरून चालला आहात की ‘नैसर्गिक कारणं’ ही शास्त्रज्ञांच्या विरोधी पक्षाची बाजू आहे आणि तिची सुनावणी अजून व्हायची आहे. ती केव्हाच झाली आहे, आणि ती शास्त्रज्ञांनीच घेतली. हिमयुगं होऊन गेली हे आपल्याला सांगितलं कोणी? सूर्याचं चक्र, ज्वालामुखींचे परिणाम, पृथ्वीच्या कक्षेतले बदल हे शोधून काढले कोणी? नैसर्गिक कारणांची यादी ज्यांनी तयार केली, त्यांनीच त्यातलं एकेक कारण तपासून पाहिलं. तपासताना विचारला तो एकच प्रश्न: हे कारण असेल, तर आणखी काय काय दिसायला हवं? हा प्रश्न कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून वर्गात लावा. पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

सूर्यापासून सुरू करू. सूर्यामुळे पृथ्वी तापत असेल तर सूर्याकडून येणारी ऊर्जा वाढलेली दिसायला हवी. १९७८ पासून उपग्रह ती वातावरणाच्या बाहेरून मोजताहेत. साधारण अकरा वर्षांच्या चक्रात ती एक दशांश टक्क्याने वरखाली होते, पण एकूण कल काही वर गेलेला नाही. तापमान मात्र याच काळात सर्वांत वेगाने वाढलं. इथेच खरं तर सूर्य सुटला. पण पुढची अपेक्षा जास्त बोलकी आहे, म्हणून थांबू नका. सूर्य जबाबदार असता तर वातावरण खालपासून वरपर्यंत तापलं असतं, आणि तो दिवसा तळपतो म्हणून रात्रींपेक्षा दिवस जास्त तापले असते. मोजमापं नेमकी उलटी आहेत. जगाच्या सरासरीत गेल्या शतकभरात रात्रीचं किमान तापमान दिवसाच्या कमाल तापमानापेक्षा जास्त वाढलं. आणि आपण राहतो ते तपांबर तापत असताना त्याच्या वरचं स्थितांबर थंड होत गेलं आहे.

ही स्थितांबराची गोष्ट मुलांना सावकाश सांगा. १९६७ साली स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी हवेच्या एका उभ्या स्तंभाचं गणित संगणकावर मांडलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट केला तर काय होईल? उत्तर आलं: खाली तापेल, वर गार होईल. खालच्या दाट हवेत हा वायू जमिनीकडून वर निघालेली उष्णता अडवतो. वरच्या विरळ हवेत तोच वायू उष्णता अवकाशात टाकून देतो. हे गणित झालं तेव्हा उपग्रहांनी स्थितांबराचं तापमान सलग मोजायला सुरुवातही केली नव्हती. पुढे मोजणी झाली आणि गणित बरोबर निघालं. मानाबेंना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. तुमचा विद्यार्थी एवढ्यावर थांबणारा दिसत नाही. ओझोन घटल्यामुळेही स्थितांबर गार होतं, हे तो शोधून काढेलच. खालच्या स्थितांबरापुरतं ते बरोबरही आहे. तेव्हा त्याला आणखी वर न्या. वरच्या थरातल्या थंडाव्यात मोठा वाटा कार्बन डायऑक्साइडचाच आहे.

ज्वालामुखी आणि समुद्र त्याने एकाच दमात घेतले आहेत, ते आधी सोडवू. ज्वालामुखींबद्दलचं विधान चूक आहे. जमिनीवरचे आणि समुद्राखालचे सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्काही भरत नाही. कोळसा, तेल, नैसर्गिक वायू आणि सिमेंट मिळून माणूस वर्षाला ३५ अब्ज टनांहून जास्त सोडतो. आणि फार मोठा उद्रेक झाला तर पृथ्वी उलट काही काळ थंडावते. १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबोने इतका गंधक वर फेकला की त्यानंतरच्या वर्ष-दीड वर्षात जगाचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं.

समुद्राचं विधान खरं आहे, आणि म्हणूनच जास्त चकवतं. समुद्र आणि झाडं-माती मिळून दरवर्षी माणसाच्या कितीतरी पट कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतात, आणि जवळपास तेवढाच परत घेतात. पासबुकात दरमहा मोठा पगार जमा होतो आणि तेवढाच खर्ची पडतो, तेव्हा शिल्लक जागेवरच राहते. मग कोणीतरी दरमहा थोडी थोडी रक्कम गुपचूप भरायला लागलं, तर शिल्लक वाढते ती पगारामुळे नव्हे. इथे तर त्याहून पुढचा हिशेब हाताशी आहे. माणूस दरवर्षी जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्याच्या साधारण निम्माच हवेत साठतो. उरलेला निम्मा समुद्र आणि झाडं-माती शोषून घेतात. म्हणजे एकूण जमाखर्चात निसर्ग आज घेणारा आहे, देणारा नाही. समुद्राने हा वायू हवेला दिला असता तर त्याच्या स्वतःच्या पाण्यात तो घटला असता. प्रत्यक्षात वाढतोय: हा वायू विरघळला की पाण्याची आम्लता वाढते आणि सामू (pH) उतरतो, आणि पृष्ठभागावरच्या पाण्याचा सामू औद्योगिक काळाआधीच्या ८.२ वरून ८.१ च्या आसपास उतरला आहे. दिसायला एक दशांश, पण सामूचं माप लॉगॅरिदमचं असल्याने हायड्रोजन आयन पाव हिश्श्याहून जास्त वाढले. रसायनशास्त्राच्या तासाला हे उदाहरण हमखास घ्या.

तरीही मुलगा म्हणेल, हा सगळा हिशेब झाला, पुरावा कुठाय? पुरावा कार्बनच्या अणूंमध्येच आहे, आणि मला विचाराल तर या सगळ्या विषयात त्याच्याइतकं देखणं दुसरं काही नाही.

समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू, मुलांना माहीत असतात. कार्बन-१४ किरणोत्सारी आहे, त्याचं अर्धायुष्य, म्हणजे साठा निम्मा व्हायला लागणारा काळ, सुमारे ५,७३० वर्षं. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पडून आहे, त्यात कार्बन-१४ उरलेलाच नाही. अशा कार्बनची हवेत भर पडत असेल, तर हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण उतरायला हवं. १९५५ मध्ये हान्स स्यूस यांनी झाडांच्या खोडातल्या वार्षिक वलयांमधून नेमकं हेच दाखवलं. नंतरच्या अणुचाचण्यांनी हवेत कार्बन-१४ ची कृत्रिम भर घालून हा हिशेब काही दशकं गढूळ केला, त्यामुळे चाचण्यांपूर्वीच्या त्या लाकडाला महत्त्व आहे. दुसरी खूण कार्बन-१३ ची. झाडं अन्न तयार करताना हलका कार्बन-१२ जास्त पसंत करतात, म्हणून झाडांमध्ये आणि वनस्पतींपासून झालेल्या इंधनात कार्बन-१३ कमी भरतो. हवेतही त्याचं प्रमाण घटत चाललं आहे. तिसरी खूण ऑक्सिजनची: काहीही जळायला तो लागतोच. हवेतला ऑक्सिजन किंचित कमी होतोय, श्वास घेताना कळणारही नाही इतका, पण काटेकोर उपकरणांना तो दिसतो.

आता तुमच्या मुलांना एक तक्ता करायला सांगा. जंगलं जळाली तर काय होईल? कार्बन-१३ घटेल, ऑक्सिजन घटेल, पण कार्बन-१४ घटणार नाही, कारण झाडं आजची आहेत. ज्वालामुखीमुळे? कार्बन-१४ घटेल, पण ऑक्सिजन खर्च होणार नाही आणि कार्बन-१३ ची घटही दिसणार नाही. समुद्रातून आला असेल तर? ऑक्सिजन एवढा घटणार नाही. तिन्ही खुणा एकदम कुठे जुळतात ते मुलं स्वतःच भरतील: फार जुनं, वनस्पतींपासून झालेलं, जाळलेलं काहीतरी. तुम्ही फळ्यावर उत्तर लिहायची गरजच पडणार नाही.

चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांचा आलेखही याच तासाला दाखवता येईल. १९५८ मध्ये त्यांनी हवाईतल्या मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला. तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत तो ३१५ च्या आसपास होता, आता ४२० च्या वर गेलाय. औद्योगिक क्रांतीपूर्वी २८० होता. रेघ वर जाते ती करवतीच्या दात्यांसारखी: उत्तर गोलार्धातल्या झाडांना पानं फुटली की आकडा उतरतो, पानं गळून कुजली की चढतो. जगाचा श्वास त्या रेघेत दिसतो. ज्वालामुखीवर बसून हा वायू मोजतात म्हणजे गडबड आहे, असा एक आक्षेप फिरत असतो. त्याला उत्तर असं की वारा विवराकडून येत असेल तेव्हाच्या नोंदी गाळल्या जातात, आणि जगभरच्या इतर केंद्रांवरही, अगदी दक्षिण ध्रुवावरही, हीच वाढ दिसते.

बर्फाचा मुद्दा मुलाचा सर्वांत तगडा, तेव्हा त्यासाठी वेळ राखून ठेवा. क्लोद लोरियूस हे फ्रेंच शास्त्रज्ञ १९६५ मध्ये अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर असताना खोलवरून काढलेल्या पुरातन बर्फाचा तुकडा त्यांनी पेल्यात टाकला. तो वितळताना बुडबुडे फुटू लागले, आणि त्यांच्या डोक्यात आलं की ही कोंडलेली हवा त्या काळची आहे, ती मोजता येईल. (पेल्यात व्हिस्की होती. वर्गात सांगताना तेवढं गाळा.) पुढे अशा बर्फाच्या नळकांड्यांमधून आठ लाख वर्षांची हवा हाती आली. त्या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत साधारण १८० ते ३०० यांच्या मधेच फिरत राहिला. आजचे ४२० त्या आलेखात बसतच नाहीत, कागद वरून वाढवावा लागतो.

आता मागे-पुढे असण्याचं. हिमयुगं सुरू होतात आणि संपतात ती पृथ्वीच्या कक्षेत आणि अक्षात हजारो वर्षांच्या चक्राने होणाऱ्या बदलांमुळे, हे खरं. कुठल्या अक्षांशावर कोणत्या ऋतूत किती ऊन पडतं, ते त्यातून बदलतं. त्याने थोडी ऊब आली की समुद्र विरघळलेला वायू सोडतो, त्या वायूने आणखी ऊब येते, बर्फ वितळून काळी जमीन आणि पाणी उघडं पडतं, त्याने आणखी. सुरुवात कक्षेने केली, जोर वायूने दिला. नुसत्या कक्षेच्या हिशेबाने एवढी मोठी तापमानवाढ जुळतच नाही. शिवाय अंटार्क्टिका म्हणजे काही सगळं जग नव्हे. २०१२ मध्ये जगभरच्या ८० ठिकाणच्या नोंदी एकत्र करून पाहिलं, तर गेलं हिमयुग संपताना जगाचं सरासरी तापमान बहुतांश काळ कार्बन डायऑक्साइडच्या मागून चाललेलं दिसलं. म्हणजे मुलाचा मुद्दा एका टोकाला खरा आहे आणि त्याच्याच विरुद्ध जातो: ऊब वाढली की निसर्ग स्वतःही वायू सोडायला लागतो, ही काही दिलासा देणारी बातमी नव्हे.

मग सध्याची वाढही कक्षेमुळेच नसेल कशावरून? चक्राची दिशा पाहा. ते आता हळूहळू गारव्याकडे नेणारं आहे. वेगही पाहा. गेल्या हिमयुगाच्या कडाक्यातून बाहेर पडताना जग साधारण पाच अंशांनी तापायला हजारो वर्षं लागली. आणि १८५० ते १९०० च्या सरासरीच्या तुलनेत २०११ ते २०२० हे दशक १.१ अंशाने गरम होतं. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक शास्त्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालातला माणसाच्या वाट्याचा अंदाजही जवळजवळ तेवढाच आहे. २०२४ साल तर एकटं दीड अंशाच्या पलीकडे गेलं.

०.०४ टक्क्यांवर टाळ्या पडल्या असतील, नाही? या आकड्याला उत्तर १८५९ मध्येच मिळालेलं आहे. जॉन टिंडल यांनी पितळेची लांब नळी घेतली. तिची तोंडं सैंधवाच्या पट्ट्यांनी बंद केली, कारण काच उष्णतेचे अवरक्त किरण अडवते, सैंधव जाऊ देतं. एका बाजूला उष्णतेचा स्रोत, दुसऱ्या बाजूला उष्णता टिपणारं नाजूक उपकरण, आणि नळीत आळीपाळीने वेगवेगळे वायू. नायट्रोजन आणि ऑक्सिजन भरला तर काटा जवळपास हललाच नाही. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांनी मात्र किरण अडवले. हवेतले ९९ टक्के वायू उष्णतेच्या वाटेत नसल्यातच जमा आहेत. अडवण्याचं काम करतात ते उरलेल्यातले मोजके. ते नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान १५ अंशांऐवजी शून्याखाली १८ असतं. पाण्याची वाफ जास्त उष्णता अडवते हेही खरं, पण हवेत किती वाफ राहील ते तापमान ठरवतं. जास्तीची काही दिवसांत पाऊस होऊन खाली येते. कार्बन डायऑक्साइड तसा पडून जात नाही. तो वाढला की ऊब वाढते, मग वाफ वाढते आणि ऊब आणखी.

टिंडल यांच्या तीन वर्षं आधी, १८५६ मध्ये, अमेरिकेत युनिस फूट यांनी काचेच्या नळकांड्यांत वायू भरून उन्हात ठेवले होते. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं सर्वांत जास्त तापलं आणि गार व्हायलाही सर्वांत जास्त वेळ लागला. अशा वायूचं वातावरण असेल तर पृथ्वी जास्त गरम असेल, असं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. ही गोष्ट मुलींना जरूर सांगा. पण तोच प्रयोग वर्गात बाटल्या, सोडा आणि व्हिनेगर घेऊन पुरावा म्हणून करू नका. बाटलीतली ऊब बरीचशी तो वायू जड असल्याने आणि हवेचं अभिसरण मंदावल्याने येते, उष्णतेचे किरण अडल्यामुळे नव्हे. तुमच्या या विद्यार्थ्याला ते कळलं तर प्रयोगाबरोबर धडाही तोंडघशी पडेल.

१९७० च्या दशकाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. काही शास्त्रज्ञांना थंडाव्याची शक्यता वाटत होती, कारण धुरातले गंधकाचे कण ऊन परतवतात. मासिकांनी ती उचलून धरली. पण १९६५ ते १९७९ मधले शोधनिबंध नंतर मोजले गेले तेव्हा थंडावा सांगणारे ७ निघाले आणि तापमानवाढ सांगणारे ४४.

‘दोन्ही बाजू ऐका’ म्हणणाऱ्या तुमच्या सहकाऱ्यांचं मला अर्धं पटतं. शंका घेणाऱ्याचं ऐकलंच पाहिजे. रिचर्ड म्युलर या भौतिकशास्त्रज्ञाला तापमानाच्या जुन्या नोंदींवर विश्वास नव्हता. शहरं तापली म्हणून आकडे फुगलेत का, केंद्रं सोयीने निवडलीत का, हे त्याचे प्रश्न रास्त होते. त्याने स्वतःचा गट जमवला, तेल उद्योगाशी जोडलेल्या एका प्रतिष्ठानाचेही पैसे घेतले, आणि सगळ्या नोंदी नव्याने तपासल्या. २०१२ मध्ये त्यानेच जाहीर केलं की वाढ खरी आहे आणि तिचं कारण जवळजवळ पूर्णपणे माणूस आहे. दुसरी बाजू ऐकायची ती अशी, मोजून. नाणेफेक करून मुलांना बाजू वाटून द्यायच्या आणि टाळ्यांवर निकाल लावायचा, हा भाषणकलेचा सराव आहे. चांगलाच सराव आहे, फक्त त्यातून पृथ्वी का तापली ते ठरत नाही.

आणि ‘पटला म्हणून की पुस्तकात आहे म्हणून’ हा तुमचा प्रश्न. तुमच्या हाती धडा आला तो निष्कर्षाचा. तिथवर कोण कसं पोचलं, ते पुस्तकाने सांगितलं नाही. त्यामुळे एका चुणचुणीत मुलाने वाट विचारल्यावर तुम्ही गडबडलात, यात तुमची निष्ठा कुठे कमी पडली? सगळं तोंडावर यायलाही हवं असं नाही. ‘उद्या शोधून येते’ म्हणणाऱ्या बाई मुलांच्या जास्त लक्षात राहतात.

आता स्पर्धेचं. विषय आयोजकांनी ठरवलेला आहे, तेव्हा मुलाला ऐनवेळी मागे घेऊ नका. नेमून दिलेल्या बाजूने बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, हे वादविवाद करणाऱ्या मुलांना कळतं. पण स्पर्धेआधी त्याच्याशी एकट्याने बसा. चार मुलांसमोर ‘तुझं चुकलंय’ म्हणालात तर तो मुद्दे सोडणार नाही, तुम्हाला सोडेल. त्याला वरचा प्रश्न द्या आणि त्याच्याच सहा मुद्द्यांवर लावून आणायला सांगा. वाचायला आयपीसीसीच्या अहवालातला ‘वारंवार विचारले जाणारे प्रश्न’ हा भाग द्या, तो इंग्रजीत असला तरी सोपा आहे. आठवडाभर द्या. बहुतेक तो स्वतःच म्हणेल की आता त्या बाजूने कसं बोलू.

त्यालाही उत्तर आहे. विषयात ‘माणूसच’ असा शब्द आहे, तेव्हा त्याने प्रामाणिकपणे ‘कोणता माणूस?’ इथे उभं राहावं. ज्यांनी शंभर-दीडशे वर्षं कोळसा जाळला ते आणि ज्यांच्या घरी काल वीज आली ते एकाच शब्दात कसे मोजता? हा मुद्दा दमदार आहे आणि त्यासाठी एकही आकडा वाकवावा लागत नाही. वादाला जागा विज्ञानातही उरलेली आहे. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर किती तापेल? १८९६ मध्ये स्वान्त अऱ्हेनियस यांनी हाताने आकडेमोड करून पाच-सहा अंश म्हटलं होतं. आज अडीच ते चार हा पल्ला धरतात आणि तीन हा उत्तम अंदाज. एवढा पल्ला उरतो त्यात ढगांचं वागणं हे मोठं कारण आहे. कुठल्या प्रदेशात पाऊस किती बदलेल, यावर तर शास्त्रज्ञ रोज भांडतात. मुलाला भांडणाची हौस असेल तर त्याने तिथे भांडावं, पुढेमागे त्याचं तिथे काम होईल.

तुमच्याच शाळेत पुढच्या वेळी ही स्पर्धा घ्यायची झाली तर विषय बदला. कार्बनवर कर लावावा का, अणुऊर्जा हवी की नको, नुकसानभरपाई कोणी कोणाला द्यावी, यांवर दोन्ही बाजूंनी जीव तोडून बोलता येतं. कारणांसाठी तपासाचा तास ठेवा. एका गटाला सूर्य, एकाला ज्वालामुखी, एकाला समुद्र, एकाला कक्षा, एकाला माणूस. प्रत्येकाने आधी अपेक्षा लिहायच्या, मग मोजमापं उघडायची. क्रम उलटू देऊ नका. आकडे आधी दिसले की अपेक्षा त्यांच्या मापाने शिवल्या जातात.

अशीच पत्रं मला घरातल्या वादांबद्दलही येतात. काका गटावर रोज काहीतरी पाठवतात, सासरे जेवताना विषय काढतात. त्यांनाही हेच सांगेन. सहाच्या सहा मुद्द्यांवर एकदम लढू नका, समोरचा सातवा काढतो. एकच मुद्दा निवडा, त्यात जे खरं आहे ते आधी मोकळेपणाने मान्य करा, आणि मग विचारा: काका, सूर्यामुळे असेल तर रात्री जास्त का तापताहेत? उत्तर तिथल्या तिथे मागू नका. वयाने मोठ्या माणसाला चारचौघांत मत बदलायला लावणं कुणाच्याच फायद्याचं नसतं.

तुमच्या विद्यार्थ्याला मात्र मोजमापांचे मूळ आलेख उघडून द्या. कीलिंग यांच्या आलेखाची आकडेवारी सगळ्यांना खुली आहे, ती महिन्यागणिक तक्त्यात भरून त्याने स्वतः रेघ काढावी. उपग्रहांनी मोजलेल्या सूर्याच्या ऊर्जेची रेघ त्याच कागदावर खाली काढायला सांगा.